तेलशेठनी लावलेला हातभार

तेलाच्या दुकानात तेलशेठचं माप कधी काठाच्या खाली राहिलं नाही. पळीभर जास्त गेलं तरी चालेल, पण कमी जाता कामा नये, हा त्यांचा बाणा. त्या बाण्यानेच त्यांचा घात केला.

त्यांच्या बायकोला मूत्रपिंडाचा दुर्मीळ आजार होता, आईवडिलांच्या रक्तातून आलेला. लघवीतला एक घटक विरघळायचाच नाही आणि त्याचे सारखे खडे व्हायचे. एक मूत्रपिंड त्यापायी कामातून गेलं होतं. दुसरं तरी वाचावं म्हणून तिने नव्या औषधाच्या चाचणीत नाव दिलं होतं. गुण येतोय का ते कळायला दिवसरात्रीची लघवी मोठ्या कॅनमध्ये जमवून द्यायची होती.

संध्याकाळी तेलशेठनी कॅन पाहिला आणि त्यांना कसंसंच झालं. जेमतेम अर्धा. एवढ्या मोठ्या दवाखान्यात असं अर्धवट माप न्यायचं? मग सकाळपर्यंत जमेल तसा त्यांनी गुपचूप हातभार लावला.

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. "खडे करणाऱ्या घटकाचं प्रमाण थेट निम्म्यावर आलंय. मला वाटलं नव्हतं इतक्या लवकर."

बायकोने पदराने डोळे टिपले. "बाई," तेलशेठ खालमानेने म्हणाले, "कॅन भरत नव्हता, म्हणून थोडी भर मी माझी घातली."

डॉक्टरीणबाईंनी डोकं टेबलावर टेकवलं. त्यांचे खांदे हलायला लागले. रडतायत की काय, या भीतीने तेलशेठ अर्धमेले झाले, पण बाई हसत होत्या. बायको हसली नाही. घरी पोचल्यावर दारातच ती म्हणाली, "अहो, एक दिवस तरी खूश राहू द्यायचं होतंत मला."

कॅन पुन्हा भरायचा ठरला. या खेपेस तेलशेठ त्याच्या आसपाससुद्धा फिरकले नाहीत. कॅन अर्धाच भरला, आणि निकालाच्या दिवशी ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले.

"निम्म्यावर नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेलशेठनी डोळे मिटले. "पण चांगलं पाव हिश्शाने उतरलंय. औषध काम करतंय."

बायको हसत नवऱ्याकडे वळली. "ऐकलंत? हे सगळं माझं एकटीचं आहे हं."

तेलशेठना हसू आणि रडू एकदमच आलं. कमी भरलेल्या मापाचा एवढा आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता.