दागिन्यांनी मढवलेलं पिस्तूल

मी पिस्तूल बोलतोय. घाबरून पान उलटू नका. मी सिंगापूरचा रहिवासी आहे, आणि सिंगापुरातल्या पिस्तुलाइतका सोज्वळ प्राणी तुम्हांला शोधून सापडायचा नाही. मी घर पाहिलेलं नाही, रस्ता पाहिलेला नाही, MRT, म्हणजे इथली मेट्रो, तर फक्त ऐकून माहीत. तुआसकडच्या एका नेमबाजी क्लबात, तीन कुलपांच्या आत, बावीस नंबरच्या खणात मी राहतो. माझे मालक तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मालकी त्यांची, किल्ली क्लबची. असा संसार मी सहा वर्षं केला.

माझं वाण शंभर वर्षांहून जुनं. सडपातळ मूठ, सरळ नळी, मागे दिसणारा घोडा, सात गोळ्यांचं मॅगझिन. एक गोळी सुटली की दुसरी आपली आपण जागेवर येते, चाप मात्र दर वेळी माणसानंच ओढायचा. मी स्वतः जेमतेम बारा वर्षांचा. मनिलाजवळच्या एका कारखान्यात घडलो. तिथल्या तपासनिसानं माझ्यातून पाच गोळ्या झाडल्या, कागदावर ‘ठीक’ लिहिलं आणि तो जेवायला गेला. इतकं प्रामाणिक मूल्यमापन माझं पुढे फारसं कुणी केलं नाही.

मग बरीच वर्षं एका परवानाधारक विक्रेत्याच्या काचेखाली काढली. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण धंदा तिथेच शिकलो. एक गृहस्थ आले, पाऊण तास मला हातात तोलत राहिले, माझ्या पोलादाची जात विचारली आणि शेवटी किल्लीला अडकवायची पितळी साखळी घेऊन गेले. तेव्हापासून माझा ठोकताळा असा, की नळीत डोकावतो तो माल घेतो आणि मालाचा इतिहास सांगतो तो नुसती कॉफी पिऊन जातो.

निशिकांत रेग्यांनी माझा ठोकताळा मोडला. त्यांनी दीड तास इतिहास सांगितला, दोन कॉफ्या प्यायल्या, आणि मला विकतही घेतलं! नळीत मात्र एकदाही डोकावले नाहीत.

निशिकांतराव मूळचे पुण्याचे, आता इथले PR, म्हणजे कायमचे रहिवासी. पाया लेबारच्या एका बँकेत जोखीम-व्यवस्थापक. म्हणजे कुठे काय बिघडू शकेल हे इतरांना आधी सांगायचं, यासाठी त्यांना पगार मिळतो.

आमच्या क्लबाचा एक नियम आधी सांगून ठेवतो, कारण माझा जीव त्यातच अडकला होता. दर दोन वर्षांनी मालकाची परीक्षा. तीस गोळ्या, तीनशेपैकी दोनशे दहा गुण. नापास झाला, तर महिनाअखेरपर्यंत त्यानं पिस्तूल दुसऱ्या पात्र सभासदाला द्यायचं. कुणी घेतलं नाही तर पिस्तूल चिरडायच्या यंत्रात. मालकाला फेरपरीक्षा असते, आम्हांला नसते.

पहिल्या दोन परीक्षा निशिकांतराव काठावर पास झाले आणि दर वेळी लगेच माझ्या सुधारणेच्या मागे लागले. गोळी डावीकडे गेली की नेम धरायची साइट बदलायची. उजवीकडे गेली की चाप. खाली गेली की मूठ. असं करत करत मला शिसवी मूठ आली, तिच्यावर कोरीव वेलबुट्टी आली, हलका चाप आला, मॅगझिन सरकवायला नरसाळ्यासारखं रुंद तोंड आलं, सोनेरी घोडा आला. सहा वर्षांत निशिकांतरावांचा हात एकदाही दोषी ठरला नाही.

हे सगळं बसवायचा क्लबाचा मिस्त्री, म्हातारा ओंग. काढलेला प्रत्येक मूळ भाग तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा.

“मिस्टर रेगे, कॅन, कॅन. ऑल्सो कॅन,” तो स्क्रू पिळत म्हणायचा. “बट व्हाय, लाह? यू शूट ट्वेंटी राउंड, टॉक टू अवर. यू शूट टू अवर, टॉक ट्वेंटी मिनिट, बेटर.”

“अंकल, धिस इज क्लासिक प्लॅटफॉर्म. इट डिझर्व्ह्ज दि बेस्ट.”

“इट डिझर्व्ह बुलेट,” ओंग म्हणायचा.

संजीवनीवहिनी, म्हणजे मालकीणबाई, एकदा क्लबात आल्या. नवरा माझ्या सोनेरी घोड्यावरून रुमाल फिरवतोय हे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“अहो, दिवाळीला मी गळ्यातलं मागितलं तर तुम्ही म्हणालात, घालून जाणार कुठे? आणि हे कुठे जाणार आहे?”

“तुला नाही कळायचं. याची व्हॅल्यू वाढतेय.”

“कपाटात बसून?”

निशिकांतरावांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

यंदा दसरा गुरुवारी आला आणि माझी परीक्षा रविवारी. (माझीच म्हणायची. चाप ते ओढणार, पण चिरडणार मला.) शस्त्रपूजा झालीच पाहिजे असा निशिकांतरावांचा हट्ट. पुण्यात त्यांच्या घरी विळी आणि स्कूटर पुजायचे. इथे साक्षात शस्त्र मालकीचं, ते का सोडा? मला घरी न्यायची सोय नाही, म्हणून पूजाच क्लबात आणली. टेक्का मार्केटातली झेंडूची फुलं, आपट्याची म्हणून विकलेली कसलीतरी पानं, हळदकुंकू, अक्षता, आणि बॅटरीची समई, कारण ओंगनं दारातच बजावलं होतं, “नो फायर, आह. हिअर गॉट गनपावडर.”

आदल्याच दिवशी मला भरपूर तेल पाजलेलं होतं. त्या तेलावर वहिनींनी कुंकवाचं बोट टेकवलं. निशिकांतराव म्हणाले, “अगं, टिकली कसली लावतेस, नीट घाल. वर्षाचा सण आहे.” आणि स्वतःच चिमटीनं स्लाइडवर कुंकू सोडलं. स्लाइड म्हणजे माझा वरचा भाग, दर गोळीला खाचेतून मागे जाऊन पुढे येतो. कुंकू तेलासह त्या खाचेत उतरलं, मागोमाग हळद. ओंग फडकं घेऊन धावला.

“नको, नको! नो क्लीन!” निशिकांतरावांनी त्याचा हात धरला. “ब्लेसिंग. आफ्टर संडे.”

ओंगनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला चिरडायचं यंत्र स्पष्ट दिसलं.

रविवारी पहिल्या अकरा गोळ्या बऱ्या गेल्या. तोवर खाचेतला लगदा घट्ट झाला होता. बाराव्या गोळीला स्लाइड मागे गेली आणि परत येताना अर्ध्यात अडकली. ही काही मोठी आपत्ती नव्हे. नवशिक्यालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. नळी समोरच ठेवायची, मॅगझिन काढायचं, स्लाइड जोरात मागे ओढायची, पुन्हा भरायचं. चार-पाच सेकंदांचं काम. पण निशिकांतरावांनी ते कधी केलंच नव्हतं. अडकलं की हात वर करायचा आणि ओंगला बोलवायचं, ही त्यांची पद्धत. परीक्षेत ओंगला आत येता येत नाही.

निशिकांतरावांनी हात वर केला आणि परीक्षकाला समजावायला सुरुवात केली. रिकॉइल स्प्रिंगचं वजन, माझा घाट, शंभर वर्षांची परंपरा. परीक्षक घड्याळाकडे बघत सगळं शांतपणे ऐकत होता. वेळ संपली तेव्हा ते नुकतेच पहिल्या महायुद्धापर्यंत पोचले होते.

एकशे चार गुण.

महिनाअखेर शुक्रवारी होती. क्लबाच्या फळ्यावर माझी जाहिरात लागली, अर्धं पान नुसती सुट्या भागांची यादी. गिऱ्हाइकं आली. एकाला फक्त शिसवी मूठ हवी होती. दुसऱ्यानं सोनेरी घोड्याची चौकशी केली, म्हणाला, सुटा मिळेल का? माझे दागिने खपत होते, मी नाही.

तिसऱ्या आठवड्यात सरोजिनीताई आल्या. इथल्या शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि इतकी वर्षं क्लबाच्या भाड्याच्या पिस्तुलांनी नेम मारणाऱ्या. त्यांनी जाहिरात वाचली नाही. मी रिकामा आहे याची दोनदा खात्री केली, नळीत उजेड सोडून डोकावल्या, स्लाइड कानाशी धरून हलवली, परवानगी घेऊन चाप एकदा हळूच ओढला.

“नळी छान आहे. अंग घट्ट आहे. हे वरचं सगळं काय लावलंय?”

“ते कस्टम आहे, ताई. एकेक भाग...”

“ते तुम्ही ठेवा. मला पिस्तूल हवंय. मूळ भाग लावून द्या, साध्या पिस्तुलाची किंमत देते.”

“अहो ताई, पण मी यात किती घातलंय!”

“घातलंत खरं. पण मी ते वापरणार नाही, मग त्याचे पैसे कसे देऊ?”

निशिकांतराव रागानं निघून गेले. पाठोपाठ दागिन्यांचे पैसे देणारा कुणीतरी येईल, अशी त्यांची आशा. आला नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी ओंगनं चिरडायच्या मालाची यादी टंकली. त्यात एक गंजलेलं रिव्हॉल्व्हर होतं आणि दुसरा मी. माझ्यापुढे ‘सोनेरी घोड्यासह’ असंही लिहिलं होतं. मरताना तेवढाच मान.

गुरुवारी संध्याकाळी निशिकांतराव आले. बँकेतून थेट, गळ्यात अजून ओळखपत्र. ओंगच्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, “अंकल, टेक आउट एव्हरीथिंग.”

ओंगनं बिस्किटांचा डबा उघडला. तासाभरात मी मनिलाहून निघालो तेव्हा होतो तसा झालो. सरोजिनीताईंना फोन गेला होता, त्या येऊन बाकावर बसल्या होत्या.

“सह्या करण्याआधी एक मॅगझिन मारू?” निशिकांतरावांनी सह्यांसाठी आलेल्या परीक्षकाला विचारलं. त्यांचा परवाना उद्यापर्यंत होता. परीक्षक म्हणाला, मारा.

सात गोळ्या. काही सांगायला अंगावर उरलंच नव्हतं, म्हणून असेल, पण या वेळी त्यांनी नुसता नेम धरला. पाच काळ्या वर्तुळात लागल्या, दोन बाहेर. निशिकांतरावांनी कागद जवळ मागवला, त्यावरून बोट फिरवलं. मग माझी नळी समोरच ठेवून मला रिकामं केलं आणि टेबलावर ठेवलं.

“काही सांगायचंय याच्याबद्दल?” सरोजिनीताईंनी विचारलं. मी महायुद्धाची तयारी ठेवली.

“थंड असताना पहिली गोळी दोन बोटं खाली जाते,” निशिकांतराव म्हणाले. “सांभाळून घ्या.”

सही करून ते गेले. आणि ते खरं आहे हो, पहिली गोळी खाली जाते! सहा वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल सांगितलेली ती एकमेव खरी गोष्ट, आणि ती त्यांनी मला देऊन टाकताना सांगितली.

आता दर शनिवारी ताई माझ्यातून चाळीस गोळ्या झाडतात. पहिल्या वेळी नेम केसभर वर धरतात. माझ्या मुठीवरचा रंग त्यांच्या हाताला घासून उडायला लागलाय, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

तुम्ही कधी माझ्यासारखी जुन्या घाटाची वस्तू पाहायला गेलात, तर यादी वाचत बसू नका. विकणाऱ्याला एवढंच विचारा, हिची खोड काय? ज्याला पटकन सांगता येईल, त्याच्याकडूनच घ्या.