खाली ठेवलेली कोठी

मी एक जुनी कोठी आहे. पत्र्याची, कमरेइतक्या उंचीची, दोन माणसांना कड्या धरून उचलता येईल एवढीच. मित्रांनो, आज माझ्यात धान्याचा एक दाणाही नाही. असे का झाले, ते सांगते.

माझा जन्म काशीत, लोहटियाच्या बाजारात झाला. एका कारागिराने जस्ताचा पत्रा वाकवून माझे सांधे झाळले आणि वर घट्ट झाकण बसवले. दुर्गाघाटावर राहणारे विश्वेश्वरकाका मला घ्यायला आले, तेव्हा त्यांनी आधी मला काठोकाठ पाण्याने भरायला लावले.

कारागीर हसला. "पंडितजी, इसमें अनाज रखिएगा कि गंगाजल?"

"पहले जल, फिर अनाज," काका म्हणाले. "जहाँ से पानी निकलेगा, वहीं से कीड़ा घुसेगा."

पाण्याचा थेंबही बाहेर आला नाही. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली प्रशंसा.

गंगा ओलांडून दक्षिणेला गेले की विंध्याच्या टेकड्या लागतात. तेथे एका उतारावर काकांची थोडी शेती होती. वरच्या टप्प्यावर खळे आणि कौलारू छपरी होती. खालच्या टप्प्यावर उंच जोत्याची, कोरडी दगडी खोली. त्या शेतात काका शाळू पेरीत. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. काकांचे पणजोबा देशावरून काशीस आले, तेव्हा त्यांनी उपरण्याच्या गाठीत हे बी आणले होते. चार पिढ्यांनी ते दर वर्षी पेरले आणि दर वर्षी राखले. बाजारात ज्वारी मिळते. पण ही ज्वारी अन्यत्र कोठेही नव्हती. एक पावसाळा चुकला, तर वंशच बुडणार होता. ते बी सांभाळणे, एवढेच माझे काम.

काका निवृत्त शिक्षक होते. गद्य असो वा कुदळ, गबाळेपणा त्यांना खपत नसे. विळ्यांना तेल लावून ते ओळीने टांगीत, फवारणीचा पंप धुऊन पालथा घालीत. माझ्या अंगावर गंजाचा ठिपका दिसला, तर तो घासून त्यावर रंग देत. बी उन्हात वाळवल्यावर एक दाणा दाताखाली धरीत. तो कट्कन फुटला, तरच माझे झाकण उघडे. नाहीतर पुन्हा ऊन. बियाण्यात ते वाळलेला कडुनिंबाचा पाला घालीत. मग ज्येष्ठ सरता सरता राखणदारीण सीता आणि तिचा नवरा माझ्या कड्या धरीत आणि काका सवयीने मराठीतच म्हणत, "कोठी खाली ठेवा." सीतेला मराठी येत नव्हती, पण काकांचे बोट खालच्या खोलीकडे रोखलेले असे. त्या बोटामुळे इतकी वर्षे शब्दाचा अर्थ कधी चुकला नाही.

एका वर्षी काकांचा गुडघा मोडला. दुर्गाघाटाच्या गल्लीत गाडी येत नाही. तेथून उठून टेकडी चढणे तर दूरच. निरोप पोहोचवण्याचे काम त्यांच्या पुतण्याकडे, यज्ञेशकडे आले. यज्ञेश बँकेत नोकरी करतो. तो मनाने चांगला. पण घरात मराठीत सुरू केलेले वाक्य दाराबाहेर पडेपर्यंत हिंदी होते. त्याचा फोन आला, तेव्हा सीता माझ्याशेजारीच बसली होती.

"सीताजी, काका कह रहे हैं, बारिश से पहले कोठी खाली रखना."

"खाली? अभी तो भरे हैं, भइया!"

"पेंट-वेंट करवाना होगा. पूरी खाली."

फोनमध्ये मागून काकांचा आवाज आला. "खाली म्हणावं, खाली! सांगितलंस ना नीट?"

"हो काका, सांगितलं!"

सीतेने कपाळावर हात मारला. "पंडितजी भी! भरवावें खुद, खाली करवावें खुद!"

मित्रांनो, मराठीत खाली म्हणजे तळाशी, खालच्या बाजूला. हिंदीत खाली म्हणजे रिकामे. मला दोन्ही भाषा कळत होत्या. बोलता मात्र एकही येत नव्हती.

सीतेने मोठ्या निष्ठेने मला रिकामे केले. बी पोत्यांत भरून छपरीत रचले आणि माझे झाकण नीट लावले. पुढे पावसात छपरीची कौले सरकली. पोत्यांना ओल लागली, आत ऊब धरली, बुरशी चढली. आणि मी, जिच्या सांध्यांतून थेंबही जात नव्हता, ती शेजारी कोरडी ठणठणीत उभी होते.

आश्विनात काका काठी टेकत पेरणीसाठी आले. झाकण काढून त्यांनी हात आत घातला. तो तळाच्या पत्र्यावर आपटला.

"सीता, बीज कहाँ है?"

"बोरा में, पंडितजी. आप ही तो कहे थे, कोठी खाली रखना."

पोते सोडले. काळ्या गोळ्यांतून पांढरे मोड फुटून वाळून गेले होते. यज्ञेश कावराबावरा झाला. "काका, खाली म्हणजे... रिकामी ना?"

"रिकामी म्हणजे रिकामी, यज्ञेश. खाली म्हणजे खाली." काकांचा आवाज चढला आणि लगेच खचला. "जन्मभर शब्दांवरून वाद घातले मी. आज कोणाशी घालू?"

सीतेने आज्ञा पाळली होती. यज्ञेशने काकांचा शब्द जसाच्या तसा पोहोचवला होता. काका शुद्ध मराठी बोलले होते. तिघांच्याही बाजूने युक्तिवाद करता येतो. पण तो जिंकून शाळू उगवत नाही. पोत्यांतून निवडलेले मूठभर दाणे काकांनी पेरले. एकही वर आला नाही.

अवजार धुऊन ठेवता, धान्य वाळवून ठेवता, तसाच शब्दही समोरच्याच्या दाताखाली एकदा फोडून पाहा, मित्रांनो. मी एवढेच मागते. "काय समजलात?" असे कोणी एकाने विचारले असते, तर पुरे होते.

काका आता टेकडीवर येत नाहीत. शेवटच्या भेटीत त्यांनी माझ्यावर रंगाचा हात फिरवला, बोट दाखवले आणि सीतेला स्वच्छ हिंदीत म्हणाले, "नीचे." तिने मला दगडी खोलीत आणून ठेवले.

तेव्हापासून मी खाली आहे. मराठीतही आणि हिंदीतही.