सुकरीच्या बोडीतली कमळं

छोट्या लाईनीची गाडी सिंदेवाही सोडून बरीच पुढे आली, तरी बायनाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. मांडीवर ओल्या फडक्यात तीन कमळं होती. फडकं ती उगाच सैल करी, पुन्हा आवळून घेई.

आश्विन पौर्णिमा. वर्षावासाचे तीन महिने संपायचा दिवस. तिचा नवरा सोमाजी होता तोवर या दिवशी भद्रावतीच्या विजासन लेण्यांत जाऊन बुद्धमूर्तीपुढे कमळ ठेवल्याशिवाय राहिला नव्हता. मागच्या वर्षी पोळ्याला तो वारला. यंदा त्याच्या नावानं कमळ वाहायचं, हे बायनाबाईनं वर्षभर मनात धरून ठेवलं होतं. तिन्ही महिने तिनं व्रत चुकू दिलं नाही. सकाळ-संध्याकाळ पंचशील, पौर्णिमेला अष्टशील, दुपार कलली की तोंडात घास नाही. सोबत नणंद रुखमा होती. भावाच्या नावाचं पुण्य आपल्या डोळ्यांनी बघायला ती पहाटेच बायनाबाईसारखंच पांढरं लुगडं नेसून दारात उभी राहिली होती.

घोटाळा झाला तो स्टेशनच्या वाटेवर. गावतळ्यातली कमळं म्हशींनी तुडवून टाकली होती. वारलू गोंडाच्या बोडीच्या, त्याच्या शेतातल्या लहान तळ्याच्या, पाळीवरून जाताना कडेच्या पाण्यात ही तीन दिसली. तेवढ्यात लांबून शिटी ऐकू आली. बायनाबाईनं लुगडं खोचलं, पाण्यात उतरली आणि देठ मोडले. पूजेच्या फुलाला कोणी कोणाला विचारलंय? लहानपणापासून ती अशीच फुलं तोडत आली होती.

डब्यात लेण्यांना निघालेल्या बायांनी वंदना सुरू केली. पहिलं शील झालं. दुसरं आलं, न दिलेलं न घेण्याचं, आणि बायनाबाई अडली. रोज म्हटलेले शब्द. आज ते समोर येऊन बसल्यासारखे झाले. रुखमानं कोपरानं ढोसलं. तिनं नुसतेच ओठ हलवले.

आणि दाराशी बघते तर सुकरी. वारलूची बायको. तीही धावतपळत हीच गाडी धरून चढली होती, मूल गावच्या बाजाराला कोचईचे कंद घेऊन. टोपलीला टेकून ती शेजारणीला सांगत होती, की म्हशींच्या तोंडून राखलेली तीन फुलं आज कोणीतरी मोडून नेली. पोरगी दोन जिवांची आहे, दिवाळीला माहेरी यायची आहे. कमळाच्या हिरव्या बिया खायच्या म्हणून तिनं निरोप धाडला होता.

बायनाबाईनं फडक्यावर पदर ओढला. मग वाटलं, हे तर चोराचंच वागणं झालं. पदर काढला. पुन्हा ओढला. मूल स्टेशन आलं की सुकरी उतरेल आणि गोष्ट तिथंच मिटेल. कोणाला कळायचं नाही. रुखमा कानाशी म्हणाली की वैनी, अंगात ताप आहे का, काऊन अशी चुळबुळ करून राह्यली. बायनाबाईनं नाही म्हणून मान हलवली. बाहेर धानाच्या शेतांच्या बांध्या मागं पळत होत्या. एकेक स्टेशन सरत होतं.

मूलच्या अलीकडे गाडी हळू झाली. सुकरीनं टोपलीला हात घातला. बायनाबाई उठली, धक्के खात दाराशी गेली आणि तिच्यापुढे फडकं उघडलं.

"सुकरीबाई, तुह्या बोडीतले फुलं म्या नेले, माह्या मानसाच्या नावानं वाह्याले."

सुकरीनं आधी कमळांकडे पाहिलं, मग तिच्या पांढऱ्या लुगड्याकडे.

"तूच का ते? मी पोट्टेच समजून राह्यली."

"घे, तुहे तुले परत."

"मोडलं फूल घेऊन काय करू, बाई? याले आता बी धरते का?" सुकरीचा आवाज चढला नाही, म्हणूनच तो जास्त लागला. "फूल तं उद्या झडलंच असतं. तू माह्या पोरीच्या तोंडचं नेलं."

बायनाबाईनं दोन्ही हात जोडले. गाडी थांबली. सुकरीनं टोपली डोक्यावर घेतली, एक पाय पायरीवर ठेवला आणि वळून बघितलं.

"ने आता. वाह्यतेस तं वाह्य. पन सुकरीचे आहेत म्हनून सांगजो तुह्या देवापाशी."

बुद्ध देव नव्हे, हे बायनाबाईच्या ओठांवर आलं आणि तिनं ते गिळलं. कमळं आता दिलेली होती. पण सोमाजीची उरली नव्हती.

पुढं गाडी बदलून भद्रावती गाठली, आणि लेण्याच्या तोंडाशी चपला काढून सगळ्याजणी आत शिरल्या. सरळ आत जाणारी ती अंधारी वाट, शेवटाला मेणबत्त्यांच्या उजेडात बसलेली मूर्ती. तिथल्या भन्तेजींनी पुण्यदान कोणाच्या नावानं म्हणून विचारलं. रुखमानं डोळे पुसायला पदर हाती घेतलाच होता.

"सुकरी," बायनाबाई हळूच म्हणाली. "वारलूची बायको."

भन्तेजींनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. गाथा झाली, कमळं मूर्तीच्या पायाशी गेली. मग ती सोमाजीसाठी वाकली, तेव्हा तिच्या हातांत काही नव्हतं. दगड गार होता. मन काही शांत झालं नाही.

बाहेर येताच रुखमा बरसली. दादा वरसातून एक दिवस इथी येत होता, अन् त्याचं फूल परक्या बाईले देऊन आली.

"त्याईच्यासाठी माह्याजवळ काईच नोव्हतं, बाई," बायनाबाई म्हणाली.

परतीच्या गाडीत रुखमा दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायनाबाई एकटीच बोडीवर गेली. सुकरी पाळीवर शेण थापत होती. सांगितलं का, एवढंच तिनं विचारलं. बायनाबाईनं हो म्हणून मान डोलावली.

"अन् तुह्या मानसाचं?"

"राह्यलं."

सुकरीनं पाण्याकडे पाहिलं. तिथं डोकी मोडलेले तीन देठ अजून उभे होते.

"पुढच्या साली मांगून नेजो," ती म्हणाली आणि पुन्हा शेणात हात घातला.