एका बाजूचा कापूस

माझी बायको माणसं अर्धीच कापते. म्हणजे कागदावर. तिच्या शिवणाच्या खोलीत भिंतीवरच्या खिळ्यांना गिऱ्हाइकांचे कागदी खाके लटकलेले असतात, आणि प्रत्येक खाका अर्ध्याच माणसाचा असतो. अर्धी छाती, अर्धी पाठ, एकच बाही. कापडाची दुहेरी घडी घालायची, वर खाका ठेवायचा आणि कात्री चालवायची. घडी उलगडली की दोन्ही बाजू सारख्या निघतात. मी आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, मला त्या कामातलं फारसं कळत नाही. पण तिची बहीण आजारी पडली तेव्हा ती या घडीपाशीच अडली, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं.

ती धाकटी बहीण. घरात सगळे तिला चिमी म्हणायचे, पन्नाशी आली तरी. शहरातल्या तलावावर ती मुलींना पोहायला शिकवायची. गळ्यात शिट्टी आणि केस कायम ओले. मग गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली आणि डावा स्तन काढावा लागला. बरी होऊन ती तलावावर परतली, पण पाण्यात उतरली नाही. तिकिटांच्या खिडकीत, पाण्याकडे पाठ करून बसायला लागली.

"कपडे बदलायच्या खोलीत पोरी बघतात," ती मला एकदा म्हणाली. "बघू देत. पण बघून झालं की पटकन दुसरीकडे बघतात ना, ते सोसत नाही, भाऊजी."

अशा वेळी मला सुचणारे शब्द पुस्तकातले असतात.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की दुखणं परतलं आहे. औषधांचा नवा फेरा सुरू व्हायला थोडे दिवस होते. तेवढ्यात तिनं एकच मागितलं, "ऊबदार समुद्रात एकदा पोहायचंय." आणि लगेच मागेही घेतलं. "जाऊ दे. घालणार काय मी?"

"मी शिवते," बायको म्हणाली.

"ताई, बाजारात पोहायचे पोशाख तयार मिळतात गं, आतल्या भरावासकट."

"बाजारातलं घालायला तू काय परकी आहेस?"

बायकोनं खिळ्यावरचा चिमीचा खाका काढला. तो जुना होता, आजाराच्या आधीचा. मी चाचरत विचारलं, "नवीन माप घेणार आहेस ना?"

"माझ्या बहिणीचं माप मला पाठ आहे," ती म्हणाली, आणि तिनं निळ्या, ताणणाऱ्या कापडाची घडी घातली. दोन्ही बाजू सारख्या निघाल्या. मग डाव्या बाजूत भरायला तिनं कापूस पिंजला, वर बारीक टाके घालून गोल गादी केली, हातावर तोलली, उसवली, पुन्हा भरली. एवढ्या मन लावून शिवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. वाटायचं, हे नीट बसलं की बहीण बरी होणार, असा तिनं मनाशी हिशेब बांधलाय.

आरशासमोर चिमीनं तो पोशाख घालून पाहिला. कुठे सुरकुती नाही की फरक नाही. "जादूगार आहेस तू, ताई," ती म्हणाली आणि न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला.

समुद्राकाठी आम्ही दोन खोल्या घेतल्या. खिडकीतून वाळू दिसायची आणि सकाळपासून ऊन पलंगापर्यंत यायचं. किनाऱ्यावर जाडी, बारकी, म्हातारी, सगळी माणसं उघडी पडलेली असायची. चिमी त्यांच्यात गळ्यापासून गुडघ्यापर्यंत टॉवेल गुंडाळून बसायची.

"मी काय सोफ्याचं कव्हर शिवलंय?" बायको करवादायची. "काढ तो टॉवेल!"

"ऊन उतरू दे जरा."

ऊन उतरलं की लाटा मोठ्या असायच्या. लाटा निवल्या की पोट भरलेलं असायचं. ती फक्त पाण्याकडे बघत बसायची, दुकानाच्या काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या पोरासारखी. दिवस सरत होते. घरी गेल्यावर काय वाट पाहतंय ते तिघांनाही ठाऊक होतं.

मी छत्रीखाली पुस्तक घेऊन बसायचो, लांब बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. माझी छाती आत गेलेली आहे आणि बरगड्या मोजता येतात. शाळेत मला पिंजरा म्हणायचे, ते या दोघींना ठाऊक होतं. त्या वयात जे अंगाला चिकटतं ते काही निघत नाही.

शेवटच्या दिवशी बायकोचा धीर सुटला. "उद्या जायचंय, चिमे. आता नाही तर..." पुढचं तिनं गिळलं.

चिमीला ते ऐकू गेलंच. तिनं हसण्यावारी नेलं. "भाऊजींचा शर्ट निघेल त्या दिवशी जाईन मी. बसा दोघं वाट बघत."

मी पुस्तक मिटलं. खूण ठेवायलाही विसरलो. वरची गुंडी निघेना. शर्ट काढला, मग बनियन. वारा थेट छातीला लागला आणि मला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

चिमी आ वासून बघत होती. "अगं बाई! ताई, हा सांगाडा इतकी वर्षं लपवून ठेवलास होय?"

"मलाच कुठे धड बघायला मिळालाय!" बायको म्हणाली.

चिमी हसता हसता वाकली. टॉवेल खांद्यावरून घसरला, तिनं तो उचलला नाही. "चला, पिंजरेसाहेब," म्हणाली आणि माझा हात धरून निघाली. गुडघाभर पाण्यात मी थांबलो. मला पोहता येत नाही. तिनं हात सोडला आणि बुडी मारली.

वर आली तेव्हा डावी बाजू पार पोटापर्यंत लोंबत होती. कापसानं पाणी प्यायलं होतं. जवळच टायर घेऊन तरंगणाऱ्या एका बाईनं पाहिलं आणि पटकन दुसरीकडे पाहिलं. चिमीनं तेही पाहिलं. किनाऱ्यावर बायको तोंडावर हात दाबून उभी होती.

चिमीनं पोशाखाच्या गळ्यातून हात घालून ती गादी ओढून काढली, फरशी पुसायच्या फडक्यासारखी पिळली आणि माझ्या हातात दिली. "ताईला सांगा, वाळत घाल."

आणि ती निघाली. डावा हात पुरता वर जात नव्हता, तरी पाणी तिला अडवत नव्हतं. मी उघड्या अंगानं, हातात ओला कापूस घेऊन उभा होतो. मला कोण बघतंय हे पाहायचं मला सुचलंच नाही.

ती बाहेर आली तेव्हा बायको वाळूत बसून रडत होती. "आरशासमोर कसं दिसेल तेवढंच बघितलं गं मी. पाण्याचा विचारच केला नाही."

"मला माहीत होतं," चिमी म्हणाली. "तलावावर जन्म गेला माझा. कापूस पाण्यात काय करतो ते मला कळणार नाही?"

"मग बोलायचं नाहीस?"

"तू इतकी जीव लावून शिवत होतीस. आणि मी पाण्यात जाणारच नव्हते, ताई. तुझ्यासाठी घालायचा, टॉवेलात बसायचं आणि परत जायचं, असं ठरवलं होतं. यांनी घोळ केला."

बायकोनं डोळे पुसले आणि पिशवीतून कात्री काढली. ती कात्रीशिवाय कुठे जात नाही. चिमीच्या अंगावरच तिनं डावीकडचं मोकळं कापड कापलं आणि सुई-दोऱ्यानं सपाट शिवून टाकलं. "हलू नकोस, टोचेल." शिवताना तिची बोटं त्या व्रणावरून फिरली. तोवर तिनं तो कधी पाहिलाही नव्हता. मी समुद्राकडे तोंड केलं.

दिवस मावळेपर्यंत चिमी पाण्यात होती.

औषधांचा तो फेरा तिला पेलला नाही. रुग्णालयात घालायला बायकोनं तिला सैल झगे शिवले. त्यांच्यासाठी नवा खाका केला, पुरा, डावी बाजू वेगळी आणि उजवी वेगळी. कापड कापताना घडी घातली नाही. शेवटचा झगा शिवून झाला, पण घालायची वेळ आली नाही.

ती गादी आता मशीनशेजारी असते. बायको तिच्यात सुया खोचते. कापूस कितीही उन्हात ठेवला तरी आतून दमटच राहतो, मीठ काही जात नाही, आणि सुया गंजतात. मी एकदा नवी गादी आणली होती. ती खोक्यात पडून आहे. बायको सकाळी एकेक सुई काढते, गंज पदराला पुसते, आणि काम झालं की पुन्हा तिथेच खोचते.