साखळीतला नवा माणूस

सोराइदाच्या कॉफीच्या खिडकीवर त्या गुरुवारी दुपारी एकच वाद पेटला होता. सरकार बंदुका घेऊन येणार का, आणि आलं तर ते बरोबर की चूक? कम्युनिस्टांच्या क्यूबातून पळून मायामीत आलेल्या माणसाला भांडायला एरवी कारण लागत नाही. या वेळी कारण खरंच होतं, आणि ते दोन घरं सोडून राहत होतं. यालेनिस, वय वर्षं सहा. पाच महिन्यांपूर्वी तिची आई तिला घेऊन क्यूबाहून बोटीने निघाली. बोट बुडाली, आई गेली, पोर तेवढी वाचली. आईचे काका एवारिस्तो यांनी तिला घरी आणलं. आता बाप तिला क्यूबाला परत न्यायला आला होता, कोर्टाने पोर त्याचीच ठरवली होती आणि एवारिस्तो काही केल्या सोडत नव्हते. उद्या बाराला मुदत संपत होती. कोपऱ्यावर काळ्या काचांच्या दोन सरकारी गाड्या सकाळपासून उभ्या होत्या.

घराभोवती दोनशे माणसं हातात हात धरून उभी होती. या साखळीचा कारभारी सोराइदाचा दीर विल्फ्रेदो. गळ्यात शिट्टी आल्यापासून तो जमिनीवर चालेनासा झाला होता. दर अर्ध्या तासाने तो शिट्टी फुंकायचा, की प्रत्येकाने एक जागा पुढे सरकायचं, म्हणजे फाटकाजवळच्या आंब्याची सावली सगळ्यांच्या वाट्याला येई.

"येऊ देत ना बंदुका घेऊन!" विल्फ्रेदो खिडकीवर हात आपटत म्हणाला. "पोरीवर रोखलेल्या बंदुकीचा एक फोटो छापून आला की सरकारची अब्रू गेलीच म्हणून समजा."

"आणि पोरीला काय दिसेल?" सोराइदाने विचारलं.

"वहिनी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?"

"कॉफीच्या. कोपर काढ, सांडेल."

म्हातारे बाल्दोमेरो स्टुलावरून खाकरले. "कोर्टाने सांगितलंय. कोणी ऐकतच नसेल तर सरकारने काय, हात जोडत बसायचं? दार फोडावंच लागतं कधीकधी."

"बाल्दोमेरोकाका, कम्युनिस्ट कधी झालात?"

"तू चड्डीत मुतत होतास तेव्हा मी त्यांच्या तुरुंगात होतो, गाढवा!"

सगळे हसले. "एवारिस्तोंनी तर टीव्हीवर सांगितलंय," विल्फ्रेदो जरा नरमून म्हणाला, "बाप एकटा येऊ दे, सरकारला मागे ठेवून. मी स्वतः दार उघडतो म्हणून. आला का? त्याची हिंमतच नाही."

सोराइदाही मनातून साखळीच्याच बाजूची होती. ती नऊ वर्षांची असताना तिच्या बापाने तिला एकटीला हवानाहून विमानात बसवलं होतं. पुन्हा त्याची भेट झाली नाही. पण बापाने सोडलं म्हणून आपण इथे माणसात आलो, तसं या बापानेही सोडावं, असा तिचा सरळ हिशेब होता. तो ती कोणालाही ऐकवायची, आणि ऐकवताना तिचा आवाज नेहमी गरजेपेक्षा मोठा व्हायचा.

तीनच्या सुमारास ती कोलादा घेऊन साखळीकडे गेली. एका पेल्यात काळी, गोड, दाट कॉफी आणि त्यावर पालथे घातलेले अंगठ्याएवढे पाच कप. एक पेला, पाच माणसं. फाटकापासून तिसरा उभा होता तो तिशीचा, काटकुळा माणूस, नव्या शर्टाच्या घड्याही अजून मोडल्या नव्हत्या. तिने पेला त्याच्या हाती दिला. त्याने कप बाजूला केले, "आभारी आहे, बाई," म्हणाला आणि अख्खा पेला एका दमात पिऊन टाकला.

"अरे राक्षसा, ती पाच जणांची होती!"

"आता हा सोमवारपर्यंत झोपत नाही बघा!"

"काल उतरलास काय विमानातून?"

माणूस पांढराफटक पडला. मायामीत दोन वर्षांच्या पोरालाही कोलादा वाटून प्यायची असते हे माहीत असतं. सोराइदाने त्याच्याकडे नीट पाहिलं. सगळं तोंड उन्हाने रापलेलं, फक्त वरचा ओठ गोरा. तिथे कालपर्यंत मिशी होती. ती मिशी पाच महिने रोज पेपरात छापून येत होती.

"तू ओस्मानी आहेस," ती पुटपुटली. "तिचा बाप."

त्याने नाही म्हटलं नाही. "सरकारी माणसांना चुकवून आलोय, बाई. ते उद्या बंदुका घेऊन येणार. माझ्या पोरीने बंदुका बघायच्या आधी तिने मला बघावं, एवढंच. अजून दोन शिट्ट्या, की मी फाटकाशी पोचतो."

"कधीपासून उभा आहेस?"

"सकाळपासून."

सकाळपासून! सकाळपासून इथे एकच घोषणा चालली होती, 'बापाला हाकला'. आणि याने शेजाऱ्यांचे हात धरून, सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून ती दिली होती. सोराइदाने त्याचा हात धरला. तो थरथरत होता, पण चेहऱ्यावरची रेषाही हलत नव्हती. विमानतळावरच्या काचेपलीकडे उभ्या असलेल्या तिच्या बापाचा चेहराही असाच होता. तो रडला नाही, म्हणजे त्याला सोपं गेलं, असं ती अडतीस वर्षं समजत आली होती. त्याचा हात तिने त्या दिवशी धरलाच नव्हता, मध्ये काच होती.

"चल," ती म्हणाली. "शिट्टीची वाट कशाला बघायची?"

ती त्याला ओढत फाटकाकडे निघाली तसा विल्फ्रेदो आडवा आला. "वहिनी! रांग मोडू नका. कोण आहे हा?"

"ज्याची हिंमत नाही म्हणालास ना, तो."

विल्फ्रेदोने शिट्टी तोंडात धरली. त्याने एकदा फुंकली असती तर दोनशे माणसं त्या काटकुळ्यावर तुटून पडली असती. त्याने त्या नव्या शर्टाकडे पाहिलं, त्या गोऱ्या ओठाकडे पाहिलं. मग शिट्टी तोंडातून काढली आणि फाटकासमोरच्या दोघांचे हात स्वतः सोडवले. "बाप आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. ते शब्द साखळीभर फिरले, आणि जिथे पोचले तिथे घोषणा विझत गेली. कोणी त्याला शिवी दिली नाही. एका बाईने छातीवर क्रूस केला. कोपऱ्यावरच्या गाडीतून उतरलेले दोन बंदूकधारीही होते तिथेच थबकले. पाच महिन्यांत त्या गल्लीत एवढी शांतता कोणी ऐकली नव्हती, सोराइदाला तर आपण चर्चमध्ये उभ्या आहोत असं वाटलं.

दार उघडलं. एवारिस्तो उंबऱ्यात उभे होते. ते बाजूला झाले. त्यांच्यामागे यालेनिस होती, अनवाणी, हातात अर्धं खाल्लेलं केळं.

ओस्मानी पायरीखालीच गुडघे टेकून बसला. पुढे गेला नाही, हातही पसरले नाहीत. पोरीने त्याच्या गोऱ्या ओठाकडे पाहिलं.

"पप्पा, तू पण बोटीतून आलास?"

"नाही गं," तो म्हणाला. "चालत आलो."

तेव्हा कुठे ती पायरी उतरली.