न झालेली सभा

"वाचल्याबिगर सही करू नको. माझा अंगठा आंधळा हाय, तुझी सही डोळस हाय," असं माझ्या सासूबाई, भामाबाई, लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला म्हणाल्या होत्या. मी बी.ए. झालेली. हसून म्हणाले, "आत्याबाई, गावची डेअरी ती, कोर्टकचेरी थोडीच आहे?"

नेकनूरपासून थोडं आत आमचं गाव. दूध संस्था बायकांची, चेअरमन मालनबाई, पण कारभार बघायचे त्यांचे मालक बंकटराव. सभा कधी होतच नसे. बंकटराव मोटारसायकलवर ठरावाचं रजिस्टर घेऊन दारोदार फिरायचे आणि बोट ठेवतील तिथे आम्ही सही करायचो. त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात ते आले तेव्हा माझी चार महिन्यांची लेक तापाने फणफणली होती. एक हात तिच्या कपाळावर होता, दुसऱ्याने सही केली.

संस्था तेव्हा सभासदांना चारा वाटायची; पंधरा दिवसांत अंजनाचा चारा बंद झाला. अंजना माझी शेजारीण, नवरा वारलेली. एकच गाय, तीही गाभण, म्हणून आटलेली. महिनाभरात विणार होती. संस्थेच्या चाऱ्याशिवाय गावात हिरवी काडी नव्हती.

"यादीत नाव न्हाई म्हन्तेत. कावून न्हाई, ते कुणी सांगंना," ती म्हणाली. "रविवारी बाजार दाखवावा लागंल हिला."

कारण मलाही ठाऊक नव्हतं.

विद्यापीठाने त्या वर्षीचा स्त्री-पुरुष समता सप्ताह खेड्यांत घ्यायचा ठरवला होता. तो त्याच आठवड्यात आमच्याकडे आला. शाळेच्या व्हरांड्यात चित्रं लागली, पथनाट्य झालं. एक मिशीवाला पोरगा डोक्यावर हंडा घेऊन टँकरमागे पळाला, तर म्हाताऱ्या चतुराबाई ओरडल्या, "आरं, हातानं काय धरतूस? मान कशाला दिलीय देवानं?" सगळा व्हरांडा हसला.

गुरुवारी प्राध्यापक मॅडम म्हणाल्या, "तुमच्या संस्थेत तुम्ही काय ठरवता? मागच्या सभेचे ठरावच वाचूया."

बंकटराव दारातून म्हणाले, "मॅडम, दप्तर कशाला? भाषण होऊ द्या की."

"भाषण रोजच ऐकतो आमी," चतुराबाई म्हणाल्या. "घरी."

रजिस्टर आणावंच लागलं. शिकलेली म्हणून वाचायला मला उभं केलं. लेक आत्याबाईंकडे दिली आणि ठणठणीत आवाजात सुरू केलं. "पाच तारखेची सभा. ठराव चौथा. दूध घालणे बंद केल्यामुळे अंजना आणि साखराबाई यांचे सभासदत्व सर्वानुमते रद्द. सूचक, मालनबाई. अनुमोदक..."

पुढे माझं नाव होतं. खाली माझी सही.

अंजना मागच्या खांबाला टेकून बसली होती. तिने मान वर केली. तिच्याकडे बघवेना, पण नजर वळवली असती तर पुन्हा कधी तिच्या दारात पाय ठेवता आला नसता.

"सही माझीच आहे," मी म्हणाले. "ठराव वाचला नव्हता. चूक माझी."

तेवढ्यात मालनबाई ताडकन उठल्या. "कवाची सभा ही? पाच तारखेची? मी त पाच तारखेला तलवाड्याला गेलते, भावाकडं! मग सुचवलं कुणी?"

बंकटराव चाचरले. "आगं, चारा कमी आलता. दोन नावं कमी केली की पुरत होता. रिवाजच हाय तसा."

"दोनच नावं कशी घावली? ज्या घरात बाप्या न्हाई तीच?" मालनबाईंनी विचारलं.

मॅडम मधे पडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नोटीस काढा. खरी सभा घ्या."

नोटीस मी लिहिली. शनिवारी, सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, सभा भरली. बंकटराव सवयीने खुर्चीत बसले, तर मालनबाई म्हणाल्या, "तुमी सभासद न्हाईत. भाईर बसा. आन् जाता जाता चहा सांगा." ते गेले. चहाही आला.

ठराव रद्द करायला सगळे हात वर झाले. असेल तेवढा चारा सगळ्यांनी वाटून घ्यायचा, असं ठरलं. या वेळी मी आधी मोठ्याने वाचलं, मग सही केली. रविवारी गाय गोठ्यातच राहिली. अंजना दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या लेकीला तिनेच येऊन उचलून नेलं.

आता रजिस्टर दारोदार फिरत नाही. आम्हीच जाऊन बसतो, पोरंबाळं घेऊन.

पण दुसरं नाव साखराबाईंचं होतं. त्यांना कोण सांगणार? चारा थांबला त्याच आठवड्यात म्हैस विकून त्या पुण्याकडे कुठल्याशा वीटभट्टीवर गेल्या. फोन लागत नाही. तुम्ही त्या बाजूला असाल तर एवढं करा. साठीची बाई, कपाळावर तुळशीचं गोंदण, धारा काढून वाकडी झालेली बोटं. हाक मारली की आधी विचारेल, "कोण गं बाई?" तिला सांगा, नाव पुन्हा लिहिलंय. आणि जरा बसून बघा, नीट जेवते का.