आधी नोंद, मग घंटा

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात सलाईनमधून रुग्णाच्या शिरेत औषध सोडणारं यंत्र बनत होतं. त्याला चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम दशरथ परबांची, आणि ती मोडून दाखवण्याचा पगार नमिता घेत असे. चालू सिस्टिमच्या आत ती मुद्दाम बिघाड सोडायची. कधी मेमरीतला एखादा आकडा फिरवायचा, कधी सेन्सरला खोटं बोलायला लावायचं. तरीही सिस्टिमनं घंटा वाजवून औषध थांबवलं, तर ती पास.

बिघाड सोडण्याआधी मालवणचा राजेश हात जोडून गाऱ्हाणं घालायचा.

“बा देवा म्हाराजा, ह्यो बिघाड काय करतलो ता हयच आमच्या डोळ्यांदेखत करूं दे. खयच्या पेशंटाच्या उशाक नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणायचे. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली नमिताही.

दशरथकाकांना तिचं फार कौतुक होतं. आपण घर बांधावं आणि या पोरीनं चोराच्या नजरेनं त्याभोवती फिरावं. ढिली खिडकी तिला बरोबर सापडे. पण हे तिला सांगणं त्यांना कधी जमलं नाही. काहीही बोलायचं तर ते आधी कागदावर लिहून पाहत, आणि लिहिलेलं वाचलं की बोलावंसं वाटत नसे.

सोमवारी पहिली यंत्रं घाटकोपरच्या एका रुग्णालयात जायची होती. शुक्रवारी दुपारी शेवटचा बिघाडही सिस्टिमनं पचवला. राजेश पेढे आणायला उठला. काका निकाल चाळत होते, तेव्हा त्यांना एक जागा कोरी दिसली. यंत्रात काय घडलं याची नोंद ज्या चिपवर साठते, तिच्यात एकही बिघाड सोडलेला नव्हता.

गप्प बसता आलं असतं. चिप अशी कितीदा बिघडते? आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं काही बाहेर जात होतं.

“नमिता, या चिपला हात नाही लावलास?”

ती घुटमळली. “तिचा कोड तुम्ही सगळ्यात आधी लिहिलेला ना काका. हा राजेश म्हणाला, गाभाऱ्यात चपला घालून कोण जातं.”

“मी मस्करीत बोललो गं,” राजेश म्हणाला. “तू पण ना.”

“चपला घालून जा,” काका म्हणाले.

तिनं चिप बंद पाडली आणि नळीत हवेचा बुडबुडा सोडला. आता घंटा वाजायला हवी होती. पडद्यावरचा हिरवा दिवा तसाच राहिला, मोटर शांतपणे फिरत राहिली आणि बुडबुडा सुईकडे सरकला.

“अडकलंय,” नमिता हळू आवाजात म्हणाली. “आधी नोंद लिहायची, मग घंटा वाजवायची, असं आहे ना तुमचं? ते लिहून व्हायची वाट बघतंय.”

असं काकांशिवाय दुसऱ्या कुणी लिहिलंच नसतं. आधी नीट लिहायचं, मग तोंड उघडायचं. उशाशी माणूस जात असला तरी.

“वाट लागली,” राजेश म्हणाला. “सोमवारचं काय काका?”

“सोमवारी जात नाही. घंटा आधी वाजायला हवी. साहेबांना मी सांगतो.”

सवयीनं त्यांनी कागद ओढला. ‘महोदय’ एवढं लिहून झालं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. नमिता मान खाली घालून बसली होती, जणू चूक तिचीच.

“झकास मोडलंस,” ते म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडी नवाच होता. “माझं आहे म्हणून पुन्हा काही तपासायचं सोडू नकोस. माझं असेल तिथं आधी जा.”

“व्हय म्हाराजा,” नमिता म्हणाली.

काकांनी साहेबांचा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजू लागली. काय बोलायचं ते अजून ठरलं नव्हतं.